शब्द हवा आहे: 'रॅम' डॉजमधून ___ झाली

निरंजना
एका मासिकासाठी अमेरिकी पिकअपवरचा लेख मराठीत करतेय आणि एका वाक्यात रुतलेय. मुद्दा असा की १९८१ पासून 'डॉज रॅम' नावाने विकली जाणारी पिकअप २००९ मध्ये डॉजमधून काढली आणि 'रॅम' हा स्वतंत्र ब्रँडच झाला. मी लिहिलं, 'रॅम, पूर्वाश्रमीची डॉज रॅम'. संपादकांनी समासात शेरा मारून परत पाठवलं: 'गाडीने संन्यास घेतला काय?' आता बातम्यांत 'पूर्वाश्रमीच्या अमुकतमुक' सर्रास असतं, मग गाडीनेच काय घोडं मारलंय? आणि नसेलच चालत तर क्रियापद सुचवा. 'विभाजन' नको, फाळणीसारखं वाटतं.

खडूस मास्तर
संपादकांचं बरोबर आहे. पूर्वाश्रम हा संन्याशाचा. माहेरच्या नावाला तो चिकटवणं ही वर्तमानपत्रांची कृपा. तिथे निदान माणूस तरी असतो. 'आधीची डॉज रॅम' लिहा आणि मोकळ्या व्हा.

बोरूबहाद्दर
मास्तर, वर्तमानपत्रं पन्नास वर्षं लिहितायत आणि लोकांना कळतंय, म्हणजे तो अर्थ रुजला. शब्द काय सोवळ्यात ठेवायचेत?
निरंजनाताई, क्रियापदासाठी 'वेगळी निघाली' बघा. एकत्र कुटुंबातला धाकटा वेगळा निघतो, तशी. नाहीतर 'फारकत' आहेच.

खडूस मास्तर
फारकत मुळात फारिग-खत, मोकळीक दिल्याचा कागद. त्यात भांडण गृहीत नाही. पण आज ऐकणाऱ्याला घटस्फोटच दिसतो. (आणि हो, इथे मी स्वतःच रूढ अर्थाची बाजू घेतोय हे लक्षात आलंय. कुणी दाखवून देऊ नये.)

चारचाकी
'वेगळी निघाली'ला माझं मत. कारण तिथे अक्षरशः वाटण्या झाल्या. मेंढ्याचं डोकं हे डॉजचं जुनं चिन्ह. १९३२ पासून त्यांच्या गाड्यांच्या नाकावर धातूचा मेंढा बसायचा. पिकअपना तेव्हा मेंढ्याचं नाव नव्हतं, पुढेही १९६१ पासून त्या नुसत्या 'डी' मालिकेच्या होत्या. मग १९८१ च्या मॉडेलपासून त्या मेंढ्यावरून 'रॅम' हे नाव दिलं. आणि २००९ ला वेगळं निघताना मेंढ्याचं डोकं गेलं पिकअपबरोबर. डॉजच्या मोटारींना नवीन चिन्ह शोधावं लागलं, नावापुढे दोन लाल तिरक्या रेघा. थोरल्याचा देव्हारा धाकटा घेऊन गेला.

बोरूबहाद्दर
देव्हारा! निरंजनाताई, हेच वाक्य लेखात घाला, क्रियापदाची गरजच नाही.

चारचाकी
अजून एक, कारण 'मूळ नाव डॉज' हे सगळे धरून चाललेत. १९२० च्या दशकात डॉजचे विक्रेते जे ट्रक विकायचे त्यांच्यावर नाव असायचं 'ग्रॅहम ब्रदर्स'. इंजिन डॉजचं, नाव ग्रॅहमचं. डॉजने ती कंपनी घेतली, १९२८ मध्ये क्रायस्लरने डॉजच घेतली आणि पुढच्या वर्षी ट्रकवर 'डॉज' आलं. म्हणजे डॉज हे माहेर नाहीच, मधलं सासर.

मुग्धा
मग 'पूर्वाश्रमीची' लिहायचं तर ग्रॅहम लिहा :)

आडवाटे
माझा मामेभाऊ तिकडे असतो, त्याच्याकडे २००७ ची आहे. सुकाणूचाकाच्या मधोमध मेंढा, कागदांवर डॉज. सुट्या भागांच्या दुकानात तो 'रॅम' म्हणतो तर काउंटरवरचा पोरगा यादीत 'र' खाली शोधतो, तिथे ती सालंच नाहीत, मग परत 'ड' वर जायचं. भावाचा प्रश्न साधा आहे: माझी गाडी डॉज का रॅम? मी म्हटलं, तुझी डॉज, शेजाऱ्याची २०१२ वाली रॅम, दोघांचा मेंढा एकच. त्याला पटलं नाही.
अनुवादालाही हीच अडचण आहे बघा. १९९५ च्या गाडीबद्दल लिहिताना 'रॅम' लिहायचं का 'डॉज रॅम'?

निरंजना
हो! लेखात नेमकं १९९४ च्या मॉडेलबद्दल आहे, डी१५० जाऊन १५०० हा आकडा आला त्याबद्दल. मी त्या त्या सालचं नाव ठेवतेय. पण मूळ प्रश्न तो नव्हता.

कडबोळं
मला 'मॉडेल' आणि 'ब्रँड' यातला फरकच मराठीत दाखवता येत नाही ही खरी गोची आहे. मार्का, छाप, ब्रँड सगळं एकाच पोत्यात. 'ब्रँड'च्या मुळाशी जळणं आहे, जनावराला तापलेल्या लोखंडाने डाग द्यायचे ते. आपल्याकडे 'डागणे' आहेच. मग ब्रँडला 'डाग' म्हणू या का?

बोरूबहाद्दर
'आमचा डाग जगप्रसिद्ध आहे.' छान वाटतं ऐकायला.

चारचाकी
कडबोळंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. शेव्हरोलेच्या पिकअपचं नाव होतं सी आणि के. सी म्हणजे मागची दोन चाकं फिरवणारी, के म्हणजे चारही. 'सिल्वराडो' हा १९७५ पासून त्यातला वरचा दर्जा होता, जास्त सजावटीचा. १९९९ च्या मॉडेलपासून सी-के बाजूला आणि सिल्वराडो हेच गाडीचं नाव. हुद्द्याचं आडनाव झालं, कुलकर्णी-देशपांडे झाले तसं. रॅमचंही तेच, फक्त एक पायरी पुढे: आधी शोभेचा मेंढा, मग मॉडेल, मग ब्रँड.

मुग्धा
आणि टोयोटाने उलट केलं. हायलक्स १९६८ ची, पण अमेरिकेत सत्तरच्या दशकात ते नाव काढून टाकलं आणि गाडी नुसती 'ट्रक' किंवा 'पिकअप' म्हणून विकली, १९९५ मध्ये टॅकोमा येईपर्यंत. 'टोयोटा पिकअप' हे विशेषनाम! इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं करून भागतं. देवनागरीत मोठी अक्षरंच नाहीत. 'त्याने टोयोटा पिकअप घेतली' यातली पिकअप नाव आहे का प्रकार, कसं कळणार?

खडूस मास्तर
अवतरणचिन्हं.

मुग्धा
प्रत्येक वेळी? पान कुंकवाचे ठिपके पडल्यासारखं दिसेल.

आडवाटे
'रॅम'ला तरी चंद्रकोर आहे म्हणून वाचलो. आमच्या गटात एकाने घाईत 'नवीन राम १५०० घेतला' असं टाकलं होतं. वर दहा जणांनी हात जोडले.

जुना_टायर
अवांतर: नावं बदलतात त्यात 'टेम्पो' आलाच पाहिजे. टेम्पररी परवान्यावर चालायचा म्हणून टेम्पो, असं आमचे काका सांगत.

चारचाकी
काकांना नमस्कार, पण नाही. टेम्पो ही हॅम्बुर्गची कंपनी, तीनचाकी मालगाड्या करायची. १९५८ पासून बजाज टेम्पो त्या भारतात करू लागली आणि कंपनीचं नाव गाडीच्या जातीला चिकटलं. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण कुणाचाही टेम्पो फोर्स झाला नाही. त्यांच्याच मेटॅडोरचंही असंच सामान्यनाम झालं.

जुना_टायर
काका परवान्याचं शपथेवर सांगत. असो.

कडबोळं
डॅटसनची गोष्ट तरी खरी आहे ना? आधी 'डॅटसन' शेवटी 'सन' म्हणजे मुलगा, डॅट कंपनीचं पोर म्हणून. मग कळलं की जपानीत 'सोन' म्हणजे तोटा. म्हणून स्पेलिंग बदलून सूर्यवाला 'सन' केला.

चारचाकी
खरी आहे. पण मराठीत मुलगा आणि सूर्य दोन्ही 'सन'च लिहिणार, त्यामुळे तुमच्या वाक्यात काहीच बदललेलं दिसत नाही :)
पुढे निस्सानने ऐंशीच्या दशकात डॅटसन नाव मोडीत काढलं, २०१३ ला परत आणलं, २०२२ ला परत बंद केलं.

निरंजना
मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचाय. 'वेगळी निघाली' घेतलं तर 'रॅम ही पिकअप २००९ मध्ये डॉजमधून वेगळी निघाली'. चालेल?

खडूस मास्तर
'वेगळी निघाली' की 'वेगळा निघाला'? ट्रक पुल्लिंगी आहे.

बोरूबहाद्दर
पिकअप स्त्रीलिंगी. गाडीवरून. 'पिकअप आली' असंच म्हणतात.

आडवाटे
आमच्याकडे 'पिकअप आला' म्हणतात. शिवाय गाडीला वेग पकडता येतो तो पिकअप पुल्लिंगीच. 'या पिकअपला पिकअप नाही' या वाक्यात दोघांची लिंगं वेगळी धरायची का?

खडूस मास्तर
आणि ब्रँड म्हणून रॅम? ब्रँड तर पुल्लिंगीच. म्हणजे २००९ पर्यंत ती, नंतर तो.

मुग्धा
मग 'पूर्वाश्रमीची'च बरं होतं की.

कडबोळं
बाकी मेंढा आणि एडका यात फरक आहे ना? डोकं आपटणारा तो एडका. चारचाकींनी वर मेंढा लिहिलंय.

चारचाकी
शिंगं वळलेली आहेत. एडक्याची वळलेली नसतात का?