मदत हवी आहे: पाण्याच्या टाकीच्या डिझाइनचा चालू कोड (भारतीय मानक) कुठे मिळेल? (तातडीचं)

शिवार_स्थापत्य: सोमवारी ड्रॉइंग पुन्हा द्यायचंय. 'प्रचलित मानकानुसार नाही' एवढाच शेरा मारून परत आलं. माझ्याकडे आयएस ३३७० ची, म्हणजे काँक्रीटच्या टाक्यांच्या मानकाची, झेरॉक्स आहे, सरांनी दिलेली, दहा वर्षं तीच वापरतोय. नेटवर शोधलं की तीच प्रत येते. कुणाकडे नवी असेल तर सरळ फाइल टाका.

कोयनाकाठ: टाकी जमिनीवरची की उंच? नवी की दुरुस्ती? क्षमता? ३३७० चे चार भाग आहेत, तुमच्याकडे कोणता? मुखपृष्ठावर साल काय?

मोजपट्टी: कोड शोधत बसू नका. चांगलं सॉफ्टवेअर घ्या, कोड आतच असतो.

कोयनाकाठ: सॉफ्टवेअर तुम्ही निवडाल ती आवृत्ती लावतं. जुनी निवडली तर उत्तरही जुनंच.

शिवार_स्थापत्य: नवी, उंच, दीड लाख लिटर. भाग १ आणि २. मुखपृष्ठच नाही. तक्त्यात ३ कुठला नि ८ कुठला तेही कळत नाही. आत 'आयएसआय' छापलंय. काँक्रीट एम-२५ ताकदीचं धरलंय.

ग्रंथालय_खिडकी: मग साल कळलं. आयएसआयची (भारतीय मानक संस्था) जागा बीआयएसने (भारतीय मानक ब्यूरो) १ एप्रिल १९८७ ला घेतली, म्हणजे तुमची प्रत १९६५ चीच. त्यानंतर २००९ ला भाग १ आणि २ सुधारले, आता २०२१ ची आवृत्ती आहे. मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, पास होऊन गेलेली मुलं हेच विचारायला येतात. भारतीय मानकं बीआयएसच्या पोर्टलवर नोंदणी केली की फुकट उतरवता येतात. शोधताना नुसता क्रमांक टाका, साल टाकू नका, नाहीतर जुनंच समोर येईल. दुरुस्तीपत्रकं वेगळी असतात, तीही उतरवा. इथे फाइल मागू नका, कुठली प्रत हाती पडेल सांगता येत नाही.

जुना_साइटवाला: १९६५ च्या कोडवर बांधलेल्या टाक्या अजून उभ्या आहेत. उगाच कागद वाढवलेत.

कोयनाकाठ: उभ्या आहेत, आणि गळणाऱ्याही मी पाहिल्यात. २००९ मध्ये लिमिट स्टेट आलं, म्हणजे ताकदीबरोबर भेगांची मर्यादाही तपासायची पद्धत; भेगेची रुंदी ०.२ मिमीच्या आत असल्याचं दाखवावं लागतं. एवढ्या टाकीला आरसीसीसाठी किमान एम-३०. तुमचं एम-२५ तिथेच अडकलं असणार.

रंगकाम_सेवा: आतून इपॉक्सी मारा, गळतीचा प्रश्नच येत नाही.

ग्रंथालय_खिडकी: गळतीचं इथे कुणी विचारलेलं नाही. शिवार, गाव कुठलं?

शिवार_स्थापत्य: औसा तालुका.

ग्रंथालय_खिडकी: म्हणजे किल्लारीचाच तालुका. १९९३ चा भूकंप तिथला. मग आयएस १८९३ चा, म्हणजे भूकंपाच्या मानकाचा, भाग २, २०१४ चा, तोही उतरवा. द्रवसाठ्याच्या टाक्यांचा तोच आहे. भाग १ मध्ये इमारतींचं सापडेल, आतल्या पाण्याच्या हिंदकळण्याचं नाही.

जुना_साइटवाला: हे मात्र खरं. त्या वर्षी मी तिकडेच होतो.

शिवार_स्थापत्य: नोंदणी झाली, भाग १ आणि २ मिळाले. भेगेचं गणित नव्याने करावं लागणार. भाग २ सोबत दुरुस्तीपत्रक आहे का, ते कुठे दिसतं? पानाच्या वर की खाली?

ग्रंथालय_खिडकी: मानकाच्या नोंदीतच बघा. सापडलं नाही तर सकाळी दहाला लिहा, मी जागेवर असेन.