मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकलाय, काय करू?

खानापूरहून लिहितोय. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये संडास, ओटा सगळं बसवून घेतलंय. पावसाळाभर गाडी दारातच उभी होती. आता टाकीचा ३ इंची व्हॉल्व्ह उघडेना. दांडा अर्धा इंच येतो नि परत आत जातो. टाकी निम्मी भरलीय. रविवारी आईला घेऊन आंबोलीला जायचंय. गुडघ्यांमुळं तिला बाहेरची सोय चालत नाही. काय करू ओ?

उत्तर १
दादा, जोर लावू नका. दांडा पात्यातून (व्हॉल्व्हच्या आतली सरकती झडप) निसटला तर भरल्या टाकीखाली झोपावं लागेल. माझं तसंच झालं होतं, चोर्ल्याच्या वाटेवर. वास आठ दिवस हाताला होता. पात्याच्या खाचेत कागद नि मैला वाळून बसतो, रबरी सीलही कोरडं पडतं. संडासातून दोन बादल्या कोमट पाणी ओता, उकळतं नको. रात्रभर मुरू द्या. सकाळी गाडी गावात फिरवून आणा, आतलं हिंदकळून सुटतं. दांड्याला सिलिकॉनचा स्प्रे मारा. डिझेल, ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं. मग दांडा हळूहळू आत-बाहेर करा. त्याआधी मैला बाहेर नेणारा पाइप जोडलेला हवा.

उत्तर २
नाहीच सुटला तर सक्शनची गाडी बोलवून टाकी वरून उपसा. मग चार बोल्ट काढून व्हॉल्व्हच बदला, दोन्ही सील नवी घाला. आणि हात जोडून सांगतो, ओढ्यात सोडू नका. तो मलप्रभा नदीलाच मिळतो.

प्रश्नकर्ता
सुटला! दुसऱ्या रात्रीनंतर. खाचेतून पुठ्ठ्यासारखा कडक कागद निघाला. सक्शनवाल्याच्याच गाडीत रिकामं केलं. आईला सांगून आलो.