मिस्टरांनी राजीनामा द्यावा का? बुटीबोरी, डिप्रेशन, पाच आठवड्यांपासून घरी

मानेवाड्याची वैशाली
नमस्कार. माझे मिस्टर बुटीबोरीत एका कंपनीत ऑपरेटर आहेत. नऊ वर्षं झाली, पगार सगळा धरून 20,000. दिवाळीनंतर त्यांची झोप गेली. पहाटे चारला उठून अंगणात बसून राहायचे. मग कंपनीची बस चुकू लागली आणि आता पाच आठवड्यांपासून घरीच आहेत. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवलं. डॉक्टर डिप्रेशन म्हणाले, गोळ्या सुरू आहेत.

पगार बंद आहे. मी घरी ब्लाउज शिवते, पण त्यांना एकटं सोडायची भीती वाटते. कपडा आणायला महाल भागातल्या बाजारात जाणं होत नाही, आठवड्याला दहा व्हायचे तिथं आता चारही होत नाहीत. गाडीचे दोन हप्ते थकले. कंपनीत आतापर्यंत पाठदुखी सांगितली आहे. खरं सांगितलं तर लोक काय बोलतील ते नागपुरात सगळ्यांना माहीत आहे.

भासरे (मिस्टरांचे मोठे भाऊ) त्यांना म्हणतात, राजीनामा दे, पीएफ काढ, किराणा दुकान टाकू. मिस्टर "हो" म्हणतात, पण सध्या ते सगळ्यालाच हो म्हणतात. काय करू?

हिंगण्याचा काका
ताई, राजीनामा देऊ देऊ नका. हात जोडून सांगतो.

2016 मध्ये माझ्या मुलाला असंच झालं. कंपनीतल्या साहेबांनी कागद पुढं केला, "घरगुती कारण" लिही म्हणाले, आणि आम्ही अब्रू वाचली म्हणून सही केली. आठ महिन्यांत पोरगा गोळ्यांनी बरा झाला. पण जिथं जाईल तिथं एकच प्रश्न, मधले महिने काय करत होतास? शेवटी ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला. आधी 14,000 मिळत होते, तिथं 9,000 वर आला. मी रिटायर झालो होतो, मला पुन्हा रात्रपाळीची वॉचमनकी धरावी लागली. पीएफचे पैसे पहिल्या वर्षातच घरात जिरले.

आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. मिस्टरांची पगाराची स्लिप काढा. 21,000 पर्यंत पगार असला की सहसा ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी, कापतात, 20,000 वर 150 रुपये. कापत असतील तर आजारपणात ईएसआयकडून वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. लांबणाऱ्या आजारांची त्यांची वेगळी यादी आहे. त्यात स्किझोफ्रेनिया आहे, डिप्रेशनचाही एक प्रकार आहे. त्यात बसलं तर 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षं नोकरी आणि त्या काळात 156 दिवसांची वर्गणी लागते. नऊ वर्षं झालेल्या माणसाला ती अडचण येऊ नये. आजारपणाचा हा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नसे, जुन्या ईएसआय कायद्याचं कलम 73 होतं. नोव्हेंबर 2025 पासून त्या जागी नवा कायदा आहे, आता काय नियम आहे ते तिथं विचारा.

पण सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं, आणि त्यावर आजाराचं खरं नाव हवं. म्हणून पाठदुखी आता सोडा. मेडिकलची चिठ्ठी घेऊन उद्याच ईएसआयच्या दवाखान्यात जा. मागच्या पाच आठवड्यांचं काय होईल तेही तिथंच विचारा.

धरमपेठकर
काकांशी सहमत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार डिप्रेशन आणि चिंतारोगामुळे जगात दरवर्षी कामाचे 12 अब्ज दिवस बुडतात. ताईंचे न शिवलेले ब्लाउज त्यात कोणी मोजत असेल असं वाटत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचार आणि प्रवासापोटी घरचा महिन्याचा खर्च 1,000 ते 1,500 रुपये आला होता. बुडालेला पगार त्याच्या किती पट आहे ते तुमच्या घरातच दिसतंय.

नंदनवनची नर्स
वैशाली, त्यांना एकटं सोडायची भीती वाटते म्हणतेस, ते डॉक्टरांना स्पष्ट सांग. मरणाचं काही बोलतात का तेही सांग. रात्री घाबरलीस तर 14416 ला फोन लाव, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तू स्वतःसाठीही लावू शकतेस.

मानेवाड्याची वैशाली
स्लिप सापडली. ईएसआयचे 150 दर महिन्याला कापलेत. कार्ड त्यांच्या टिफिनच्या पिशवीत होतं. भासऱ्यांना आता फोन करून सांगते, दुकानाचं राहू द्या. सोमवारी दोघं जातो.