मदत हवी आहे: एल्गरचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, सॅमन्स (१९२९) आणि मेन्युहिन (१९३२) यांच्यात सात मिनिटांचा फरक कसा?

निवांत_कोथरूड

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे पाश्चात्य अभिजात ऐकणारे दोनचार जण तरी आहेत म्हणून विचारतोय.

इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गरचा बी मायनरमधला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एक सोलो वाद्य आणि सोबत ऑर्केस्ट्रा), १९१० चा. मी वर्षानुवर्षं एकच रेकॉर्डिंग ऐकत आलोय, यहुदी मेन्युहिनचं १९३२ चं, लंडनच्या अॅबी रोडचं, त्यात मेन्युहिन सोळा वर्षांचा पोरगा आणि कंडक्टरची काठी हातात घेऊन उभा खुद्द पंचाहत्तर वर्षांचा एल्गर, ऑर्केस्ट्रा लंडन सिम्फनी. (पुण्यात मेन्युहिन म्हटलं की लोकांना आधी अय्यंगार गुरुजी आणि योगासनं आठवतात, ते असो.) तर माझ्या डोक्यात असं पक्कं बसलेलं की रचनाकार स्वतः समोर आहे म्हटल्यावर विषय संपला, बाकीच्यांनी आपापलं वाजवावं.

आता बर्मिंगहॅमला असलेल्या आमच्या मेव्हण्याने व्हायोलिनवादक आल्बर्ट सॅमन्सचं १९२९ चं पाठवलंय, कंडक्टर हेन्री वुड आणि न्यू क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रा, आणि वर मेसेज की "हे ऐका दाजी, मग बोलू". ऐकलं. पहिल्याच एंट्रीला लक्षात आलं की हा माणूस वेगळ्याच चालीने निघालाय, रडगाणं नाही, लाडीगोडी नाही, सरळ बोलतोय. पण एकूण वेळ ४३ मिनिटांच्या आसपास आणि माझा मेन्युहिन ५० च्या आसपास! सात मिनिटं कुठे गेली? तबकडीवर मावावं म्हणून काटछाट केलीय का, की जुनी रेकॉर्ड चुकीच्या स्पीडला फिरवून डिजिटल केलीय, की खरंच एवढं जलद वाजवलंय? आणि तसं असेल तर मग बरोबर कोण? स्कोअर वाचता येत नाही, पेटी वाजवतो थोडीफार. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तबकडीवाला

काटछाटीचं आधी निकालात काढू. दोन्ही रेकॉर्डिंग पूर्ण आहेत, दोन्ही सहा सहा तबकड्यांवर म्हणजे बारा बाजूंवर निघाली, बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चार ते साडेचार मिनिटं धरा म्हणजे पन्नास मिनिटंही बसतात. सॅमन्सला घाई करायचं तसलं काही कारण नव्हतं.

कापलेलं हवं असेल तर १९१६ कडे जा. तेव्हा मायक्रोफोन नाही, भोंग्यासमोर दाटीवाटीने उभं राहून वाजवायचं (इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग १९२५ पासून). सॅमन्स आणि वुडनेच तेव्हा एक संक्षिप्त आवृत्ती केली होती कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी, आणि त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीसाठी, एचएमव्हीसाठी, व्हायोलिनवादक मेरी हॉलने स्वतः एल्गरच्या हाताखाली केली, अख्खा कॉन्चेर्टो चार बाजूंत! ऐकण्यासारखं त्यात एकच, शेवटच्या मूव्हमेंटमधला (म्हणजे भागातला) कॅडेन्झा, सोलोवाल्याचा स्वतंत्र तुकडा. मूळ स्कोअरमध्ये तिथे ऑर्केस्ट्राचे तंतुवाद्यवाले बो बाजूला ठेवून बोटांच्या मऊ भागाने तारा नुसत्या झुळझुळत ठेवतात आणि त्यावर सोलो व्हायोलिन मागच्या सगळ्या थीम्स एकेक करून आठवत बसतं. हा आवाज भोंग्याला पकडताच येईना, म्हणून एल्गरने तिथे हार्प घातली. खरखर खूप आहे, पण ती हार्प ऐकू येते.

जाता जाता, मेन्युहिनचं ते १९३२ चं घडवून आणणारा एचएमव्हीचा फ्रेड गैसबर्ग. हाच तो ज्याने १९०२ साली कलकत्त्याला गौहर जानची तबकडी केली.

मंद्र

स्पीडचा संशय तुम्ही घरबसल्या तपासू शकता, पेटी आहे म्हणालात ना. बी मायनर म्हणजे पांढरी सात. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ लाच फिरायच्या असं नाही, डिजिटल करणारा कानाने स्पीड ठरवतो, त्यात एकदोन टक्के इकडेतिकडे होतं आणि चाळीसेक मिनिटांच्या संगीतात त्याने मिनिटभराचा फरक पडू शकतो. पण सात मिनिटं नाही! ५० चं ४३ निव्वळ स्पीडने करायचं तर सूर अडीच सेमीटोनहून (पेटीच्या अडीच पट्ट्यांहून, काळ्या-पांढऱ्या धरून) वर चढेल, म्हणजे पांढरी सातचं गाणं काळी एकच्याही पुढे पांढरी दोनकडे सरकेल आणि व्हायोलिनला चिपमंकचा आवाज येईल. पेटीवर सूर धरून दोन्ही रेकॉर्डिंग लावून बघा, दोन्ही पांढरी सातच्या आसपासच सापडतील. सॅमन्स खरंच जलद वाजवतोय, आणि तिन्ही मूव्हमेंटमध्ये.

आता "बरोबर कोण". रचनाकार समोर होता हे खरं, पण मेन्युहिननेच पुढे सांगितलंय की रेकॉर्डिंगच्या आधी भेटायला गेला तेव्हा एल्गरने थोडंसं ऐकलं, छान आहे म्हणाला आणि घोड्यांच्या शर्यतीला निघून गेला. म्हणजे म्हाताऱ्याने पोराला बसवून लय घोटून घेतली असला काही प्रकार नाही, पोराला जे वाटलं ते त्याला आवडलं आणि त्याने काठी त्याच्यामागे नेली. दुसरीकडे सॅमन्स हा कॉन्चेर्टो पहिल्या महायुद्धाच्या काळापासून वाजवत होता, एल्गरच्या हाताखालीसुद्धा. म्हणजे एल्गरला दोन्ही चाललं! आणि ज्याला अर्पण केला, ज्याने १० नोव्हेंबर १९१० ला क्वीन्स हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवला त्या व्हायोलिनवादक क्रायस्लरने तो कधी रेकॉर्डच केला नाही, नाहीतर हा वाद कदाचित कधीच मिटला असता.

माझं मत विचाराल तर पहिली मूव्हमेंट सॅमन्सची, मधली मेन्युहिनची. मधल्या मूव्हमेंटमध्ये मेन्युहिन एकेका स्वरावर ज्या भोळेपणाने रेंगाळतो ते मोठेपणी त्यालाही जमलं नाही, १९६० च्या दशकात कंडक्टर बोल्टबरोबर त्याने परत केलंय ते लावून बघा.

नेमस्त

मंद्र यांना +१, पण सॅमन्सबद्दल एवढं सगळे हळवे का होतात कळत नाही, मला तो कोरडा वाटतो. जलदच हवा तर व्हायोलिनवादक हायफेट्झचा १९४९ चा ऐका, कंडक्टर सार्जंट आणि लंडन सिम्फनी, तोही सॅमन्सइतकाच चटपटीत आणि हाताची सफाई दुसऱ्या ग्रहावरची. खरखर नको असेल तर सरळ व्हायोलिनवादक नायजेल केनेडी आणि कंडक्टर व्हर्नन हँडली, १९८४. तो मेन्युहिनपेक्षाही निवांत आहे.

मंद्र

हायफेट्झची सफाई मान्य, पण कॅडेन्झात तो आठवत नाहीये, यादी वाचतोय असं वाटतं. आणि सॅमन्स कोरडा? एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तो बोट किती हळूच सरकवतो ते हेडफोन लावून ऐका, आपल्याकडे मींड ऐकून तयार झालेल्या कानाला ते लगेच कळतं. हा माणूस बव्हंशी स्वतःच शिकलेला, लंडनच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात वाजवायचा, तिथून कंडक्टर बीचमने त्याला आपल्या ऑर्केस्ट्रात नेलं.

निवांत_कोथरूड

सगळ्यांचे आभार! पेटीवर बघितलं, दोन्ही पांढरी सातलाच आहेत, सॅमन्स अगदी केसभर वर. मेव्हण्याला अजून कळवलेलं नाही, जरा ताणू दे. एक अडचण मात्र आहे, मी वापरतो त्या अॅपवर मेन्युहिनची दोन्ही रेकॉर्डिंग एकाच नावाखाली ढकलली आहेत, साल नाही, कंडक्टर नाही. कोणतं कुठलं हे ओळखायचं कसं? आणि आता याच लायनीत संगीतकार वॉल्टनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐकायचाय, हायफेट्झची दोन दिसतात, १९४१ आणि १९५०, कुठलं घेऊ?

तबकडीवाला

हेडफोन लावा, वाद्यं डावी-उजवीकडे पसरलेली ऐकू आली तर ते स्टिरिओ, म्हणजे बोल्टवालं. सगळा ऑर्केस्ट्रा मधोमध एका गठ्ठ्यात असेल तर १९३२.

वॉल्टनची दोन्ही घ्या, कारण ती एकाच कॉन्चेर्टोची दोन रूपं आहेत. हायफेट्झनेच तो लिहून घेतला, १९३९ साली क्लीव्हलंडला पहिल्यांदा वाजवला, १९४१ चं सिनसिनाटीचं रेकॉर्डिंग कंडक्टर गूसेन्सबरोबर ते त्या मूळ रूपाचं. १९४३ ला वॉल्टनने ऑर्केस्ट्रेशन सुधारलं, १९५० चं त्या सुधारलेल्या रूपाचं आणि कंडक्टर वॉल्टन स्वतः, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा. आधी ५० चं ऐका, आवाज पुष्कळ स्वच्छ आहे, मग ४१ लावलंत की ऑर्केस्ट्रात कुठे काय बदललंय ते आपोआप कानात येईल.