मदत हवी आहे : प्रवास आणि पर्यटनाचे इंग्रजी शब्द, तातडीने

भीमाकाठ
नमस्कार. मला प्रवास आणि पर्यटन या विषयाचे इंग्रजी शब्द तातडीने हवे आहेत. शोधल्यावर ज्या याद्या सापडतात त्यांत विमानतळ, समुद्रकिनारा आणि बर्फातले खेळ यांचेच शब्द असतात आणि त्यांचा मला काडीचाही उपयोग नाही. येत्या गुरुवारच्या आत तयारी व्हायला हवी. कृपया शब्द व अर्थ येथेच द्यावेत. क्लास लावा, रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचा, असे सल्ले देऊ नयेत. तेवढा वेळ हाताशी नाही.

शाळामास्तर
तातडी समजली, काम मात्र समजले नाही. परीक्षा आहे, मुलाखत आहे, की पत्रव्यवहार करायचा आहे, हे कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही. तोवर सर्वांनाच लागतो तो भाग देतो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे ती जर्नी, जाऊन परत येणे ती ट्रिप, आखलेल्या क्रमाने स्थळे पाहणे ती टूर आणि सकाळी निघून संध्याकाळी परतणे ते एक्स्कर्शन. ट्रॅव्हल हा शब्द शक्यतो क्रियापद म्हणून वापरावा. ‘अ ट्रॅव्हल’ असे कोणी म्हणत नाही. लगेज आणि बॅगेज यांचे अनेकवचन होत नाही, त्यामुळे ‘लगेजेस’ हे चूक असून दोन नग असतील तर ‘टू पीसेस ऑफ लगेज’ म्हणावे. रोजचा कार्यक्रम वेळेनिशी लिहिलेला कागद म्हणजे आयटिनररी. या शब्दाचा उच्चार आधी चार वेळा मोठ्याने करून पाहावा, कारण ऐन वेळी जीभ येथेच अडखळते.

जुळेसोलापूर
माझी मुलगी पर्यटन व्यवस्थापन शिकते, म्हणून खात्रीने सांगते की या व्यवसायात सर्वांत जास्त घोटाळा हॉटेलच्या दरांच्या शब्दांत होतो. युरोपियन प्लॅन म्हणजे फक्त खोली, कॉन्टिनेन्टल प्लॅन म्हणजे खोली व न्याहारी, मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन म्हणजे न्याहारी व एक जेवण आणि अमेरिकन प्लॅन म्हणजे न्याहारीसह दोन्ही जेवणे. डबल रूममध्ये दोघांसाठी एक मोठा पलंग असतो आणि ट्विन रूममध्ये दोन वेगळे पलंग असतात. विमानाच्या बाबतीत डायरेक्ट आणि नॉनस्टॉप हेही एक नव्हेत. डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकते, पण त्याचा क्रमांक बदलत नाही.

भीमाकाठ
आपण दोघांनी वेळ दिलात त्याबद्दल आभारी आहे, परंतु मला ना मुलाखत द्यायची आहे ना हॉटेलचे दर ठरवायचे आहेत. मला बोलायचे आहे. मी गाडीत असणार, पाहुणे गाडीत असणार आणि नेहमीची ठिकाणे दाखवायची आहेत. हे स्पष्ट आहे असे मला वाटले होते.

सिग्नलकॅबिन
पाहुणे रेल्वेने येणार असतील तर पहिला शब्द वेळेचा शिकावा. रेल्वेचे वेळापत्रक २४ तासांच्या घड्याळाचे असते आणि बाहेरदेशच्या, विशेषतः अमेरिकेच्या माणसाला ‘बावीस चाळीस’ म्हटलेले चटकन कळत नाही. ‘ट्वेंटी टू फॉर्टी, दॅट इज टेन फॉर्टी अ‍ॅट नाइट’ असे दोन्ही प्रकारे सांगावे. तारखेचेही तसेच आहे. आपण ७/८ लिहितो ते सात ऑगस्टसाठी, अमेरिकेत तेच आठ जुलै होते. म्हणून निरोपात महिना अक्षरांत लिहावा. आर.ए.सी. म्हणजे रिझर्व्हेशन अगेन्स्ट कॅन्सलेशन. गाडीत चढता येते, बसायला जागा मिळते, परंतु पूर्ण बर्थ मिळेलच असे नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून माझ्या ओळखीचे बहुतेक लोक मुंबईहून तिनेच येतात. तिच्यात बर्थ नसतातच, सगळी चेअर कार असते.

परदेशस्थ सोलापूरकर
भीमाकाठ, पाहुणे कोण, कोठले, किती वयाचे, त्यांना मराठी किती कळते आणि ‘नेहमीची ठिकाणे’ म्हणजे नेमकी कोणती, हे सांगितल्याशिवाय सगळेच अंधारात बाण मारत राहतील. मी बरीच वर्षे अमेरिकेत आहे आणि दर खेपेला सोबत कोणाला ना कोणाला घेऊन येतो, म्हणून विचारतो आहे.

भीमाकाठ
ठीक आहे. एका प्रवासी संस्थेत माझी नुकतीच नेमणूक झाली आहे. आजोबा मूळचे अक्कलकोटचे, त्यांना मराठी येते. मुलगी, अमेरिकन जावई आणि दोन नातवंडे यांना जवळजवळ येत नाही. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर आणि एक दिवस विजापूर असा कार्यक्रम आहे. इंग्रजी बोलणारे आमचे सहकारी रजेवर आहेत. लहान मुलीला शेंगदाणे चालत नाहीत असे त्यांनी कळवले आहे. ते मी ढाब्यावर सांगेन, त्याचा येथे प्रश्न नाही. मला स्थळांचे शब्द हवे आहेत.

कडकभाकरी
प्रश्न नेमका तोच आहे. मी सोलापुरात खानावळ चालवते. ‘चालत नाहीत’ या शब्दांमागे इंग्रजीत काय लिहून आले होते ते तो निरोप पुन्हा उघडून पाहा. ‘डज नॉट लाइक’ असेल तर निराळी गोष्ट, ‘अ‍ॅलर्जिक’ असेल तर जिवाशी गाठ असू शकते. आपल्या भागात शेंगदाणा दिसत नाही तेथेही असतो. भरल्या वांग्यात कूट, पोह्यांत दाणे, उपवासाच्या खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, पातळ भाजीला दाटपणा यावा म्हणून कूट, आणि ताटात चटणी तर न मागता वाढली जाते. त्यातच पळी एकच असते. चटणीतून निघालेली पळी वरणात जाते. फोडणीचे तेल शेंगदाण्याचे आहे का, हेही विचारावे लागते.

पाहुण्यांना भेटण्याआधीच विचारा : ‘इज इट अ‍ॅन अ‍ॅलर्जी? हाउ सिव्हिअर इज इट? डज शी कॅरी हर मेडिसिन?’ दुकानातल्या पुड्यावर पुष्कळदा ‘ग्राउंडनट’ छापलेले असते आणि अमेरिकेत वाढलेल्या मुलीला फक्त ‘पीनट’ ठाऊक असण्याची शक्यता मोठी आहे. ती वाचेल आणि निर्धास्तपणे खाईल. त्या पुड्यावर बोट ठेवून ‘ग्राउंडनट मीन्स पीनट’ हे पहिल्याच दिवशी सांगा.

परदेशस्थ सोलापूरकर
कडकभाकरी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ज्यांना तीव्र अ‍ॅलर्जी असते ते बहुधा इंजेक्शनचे पेन बाळगतात. अमेरिकेत त्या औषधाला एपिनेफ्रिन म्हणतात, ब्रिटनमध्ये आणि आपल्या डॉक्टरांच्या तोंडी अ‍ॅड्रेनॅलिन असते, औषध तेच. ते कोणत्या पिशवीत आहे हे माहीत करून घ्या आणि ती पिशवी डिकीत टाकू देऊ नका.

डिकीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, अमेरिकन माणसाला डिकी कळणार नाही. तो ट्रंक म्हणतो, इंग्रज बूट म्हणतो. चाक पंक्चर झाले तर ‘वी हॅव अ फ्लॅट टायर’, आणि स्टेपनी न म्हणता स्पेअर टायर. पार्सल हवे का असे न विचारता ‘डू यू वाँट इट टू गो’ असे विचारावे. ‘फर्स्ट फ्लोअर’ सांगितले तर ते तळमजल्यावर तुमची वाट पाहतील. वांगे म्हणजे ब्रिंजल नव्हे, एगप्लांट, भेंडी ओक्रा, दही योगर्ट, ढोबळी मिरची बेल पेपर. ‘हॉटेल’ म्हणून जेवायला नेले तर ते सामान घेऊन उतरतील, म्हणून रेस्टॉरंट म्हणावे. आणि प्रसाधनगृह विचारताना त्यांच्या तोंडी रेस्टरूम असेल. त्याचा विश्रांतीशी संबंध नाही.

शाळामास्तर
येथे माझा मतभेद नोंदवतो. आपण ज्या इंग्रजीत शिकलो ती ब्रिटिश वळणाची आहे आणि भारतीय इंग्रजी ही आता स्वतंत्र व मान्य बोली आहे. पाहुणे आपल्या देशात येत आहेत, तर ब्रिंजल आणि डिकी हे शब्द त्यांनी शिकावेत, यात गैर काहीच नाही. स्टेपनीचे म्हणाल तर तो शब्द अस्सल आहे. वेल्समधील लानेली या गावी १९०४ च्या सुमारास स्टेपनी स्ट्रीटवर जादा चाक तयार करणारा धंदा सुरू झाला आणि त्या चाकाचे नाव आपल्याकडे टिकून राहिले.

परदेशस्थ सोलापूरकर
मास्तर, त्यांनी शिकावेत हे मला मान्य आहे आणि प्रवास संपेपर्यंत ते शिकतीलही. परंतु टायर बसल्यावर, उन्हात, रस्त्याच्या कडेला ती शिकवणी घेऊ नये एवढेच म्हणतो. आधी त्यांचा शब्द वापरावा, मग आपला सांगावा.

माळरान
कार्यक्रमात नान्नज कसे नाही, याचे आश्चर्य वाटले. शहरापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य आहे, ते १९७९ मध्ये घोषित झाले. माळढोक म्हणजे ग्रेट इंडियन बस्टर्ड, गवताळ माळ म्हणजे ग्रासलँड, काळवीट म्हणजे ब्लॅकबक. माळढोक दिसणे आता फारच दुर्मीळ झाले आहे, तेव्हा दिसेलच असे आश्वासन कृपया देऊ नये; ‘वी मे नॉट सी वन’ असे स्वच्छ सांगावे.

भीमाकाठ
नान्नज कार्यक्रमात नाही आणि ते माझ्या हातातही नाही. निरोप पाहिला, ‘सिव्हिअर पीनट अ‍ॅलर्जी’ असेच लिहिले आहे. कडकभाकरी ताई, आपण दिलेले तीन प्रश्न त्यांना आजच पाठवले आहेत. आता कृपया कोणी देवळाचे आणि किल्ल्याचे शब्द देईल का? गाभारा, प्रदक्षिणा, समाधी, ओवरी हे सगळे कसे सांगायचे? आणि पंढरपूरच्या रांगेचे काय?

शाळामास्तर
देवळापासून सुरुवात करू. गाभाऱ्याला सँक्टम म्हणतात. माळरान यांनी सांगितलेल्या अभयारण्याला सँक्चुअरी म्हणतात, ही दोन मिसळू देऊ नका. प्रदक्षिणेचा कोशातला शब्द फार अवजड आहे, त्याच्या वाटेला न जाता ‘वी वॉक अराउंड द श्राइन, क्लॉकवाइज’ एवढे म्हणावे. ओवरी म्हणजे देवळाच्या आवारातली खांबांची पडवी, ‘अ कव्हर्ड व्हरांडा विथ पिलर्स’. सिद्धेश्वरांची माहिती देताना बाराव्या शतकातले शिवयोगी, त्यांनी येथे अडुसष्ट लिंगांची स्थापना केली असे मानतात आणि मंदिर तलावात आहे, एवढे सांगितले तरी मुले ऐकत राहतील. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत निघणारे नंदीध्वज म्हणजे ‘टॉल सेरिमोनिअल पोल्स’.

समाधी हा शब्द तसाच ठेवावा. टूम म्हटले की निव्वळ थडगे डोळ्यांसमोर येते आणि आजोबांना ते रुचणार नाही. अक्कलकोटला ‘स्वामी समर्थ टुक समाधी हिअर इन एटीन सेव्हंटी-एट’ असे सांगून पुढे ‘ही लेफ्ट हिज बॉडी’ असे उलगडावे. विजापूरला मात्र गोल घुमट हे मुहम्मद आदिलशहाचे मॉसोलियम, म्हणजे भव्य थडगे आहे, तेथे तोच शब्द योग्य. ते १६५६ मध्ये पूर्ण झाले आणि वरचा सज्जा व्हिस्परिंग गॅलरी म्हणून प्रसिद्ध आहे. मुलांना तेथे कुजबुजायला लावा, ओरडायला नको. भुईकोटासाठी चार शब्द पुरेत : खंदक मोट, तटबंदी रॅम्पार्ट, बुरूज बॅस्टिअन, दरवाजा गेटवे. भुईकोट म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला, ‘अ फोर्ट ऑन लेव्हल ग्राउंड’. महाराष्ट्रातले किल्ले म्हणजे डोंगर अशी ज्यांची समजूत असते त्यांना हे जरूर सांगावे.

जुळेसोलापूर
चादरीचे कोणी बोललेच नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्याला जिओग्राफिकल इंडिकेशन म्हणतात. अमेरिकन पाहुण्याला चादर म्हणजे पलंगावरची बेडशीट वाटेल. आपली चादर जाड, पांघरायची असते, म्हणून ब्लँकेट म्हणावे. यंत्रमागाला पॉवरलूम म्हणतात.

परदेशस्थ सोलापूरकर
पंढरपूरचे मी सांगतो. पदस्पर्श दर्शन आणि मुखदर्शन यांच्या रांगा वेगळ्या असतात आणि पाहुण्यांना निवड आधीच करायला लावावी. ‘इन धिस लाइन यू टच द फीट ऑफ द डेइटी विथ युअर हेड, इट मे टेक सेव्हरल अवर्स. इन दॅट लाइन यू सी द डेइटी फ्रॉम अ डिस्टन्स. इट मूव्ह्ज फास्टर.’ अमेरिकन माणूस रांगेला लाइन म्हणतो, क्यू ऐकून तो गोंधळतो. वेळ कमी करून सांगू नका. तासाभराचे म्हणून दुपार गेली की सगळ्या दिवसावर विरजण पडते. भीमेला तेथे चंद्रभागा का म्हणतात हे ती मुले विचारणारच : नदी चंद्रकोरीसारखी वळते, ‘इट कर्व्ह्ज लाइक अ क्रेसेंट मून’.

तुळजापूरला पायऱ्या उतराव्या लागतात. आजोबांच्या गुडघ्यांची चौकशी करा : ‘देअर आर मेनी स्टेप्स गोइंग डाउन. विल ही बी कम्फर्टेबल?’ आणि चपला कोठे ठेवायच्या ते गाडीतच सांगा, म्हणजे मोजे काढायला वेळ मिळतो.

सिग्नलकॅबिन
पंढरपूरचा दिवस एकादशीचा तर नाही ना, हे पंचांगात पाहावे. असल्यास सर्व वेळा निराळ्या समजाव्यात.

भीमाकाठ
एकादशी नाही, पाहिले. पाहुण्यांचे उत्तर आले : अ‍ॅलर्जी तीव्र आहे, दोन पेन आहेत आणि दोन्ही आईच्या खांद्याच्या पिशवीत असतील. त्यांनी उलट विचारले आहे, ‘व्हॉट अबाउट क्रॉस-कंटॅमिनेशन?’ याचा अर्थ आणि उत्तर दोन्ही सांगावे.

कडकभाकरी
तीच एक पळी, तीच कढई, तोच पाटा. एका पदार्थातला दाणा दुसऱ्यात जाणे. ढाब्यावर याची हमी कोणी देऊ शकत नाही आणि तुम्हीही देऊ नका. त्यांना लिहा : ‘वी कॅनॉट गॅरंटी इट अ‍ॅट रोडसाइड प्लेसेस. वी विल अरेंज सेपरेट फूड फॉर हर.’ तिचा डबा वेगळाच न्यावा. साधा वरणभात, तूप, दही, केळी, आणि घरी धुतलेल्या तव्यावरची पोळी. डब्यासाठी कोणी सापडले नाही तर मला येथेच निरोप टाका. चटणीचे काम ज्या ओट्यावर होते त्यापासून लांब, निराळ्या भांड्यांत करून देईन. मात्र किती दिवस आणि सकाळी किती वाजता निघणार ते आधी कळवा.

भीमाकाठ
पाचही दिवस, सकाळी सातला. विजापूरच्या दिवशी सहाला.