गाव सुटल्यावर ताण सोसण्याची रीत बदलते का?

घोडबंदरकर:
माझे वडील उदगीरजवळच्या गावातून गेल्या वर्षी आमच्याकडे घोडबंदर रस्त्यावर राहायला आले. गावी पीक बुडाले किंवा भावकीत वाद झाला, की ते संध्याकाळी पारावर जाऊन बसत. त्या विषयाबद्दल तेथेही अवाक्षर काढत नसत, पण परतताना जरा हलके झालेले असत. येथे ते दिवसभर बातम्या लावून बसतात आणि विचारले तर ‘छातीत भरल्यासारखं होतंय’ एवढेच सांगतात. हृदयाच्या तपासण्या व्यवस्थित आल्या आहेत. समुपदेशकाचा विषय काढताच ‘मला ठाण्याला आणलंत ते याचसाठी का?’ असे त्यांनी ऐकवले. (मनोरुग्णालयामुळे आमच्याकडे ठाण्याची तीच ओळख आहे.) अशा वयात नवी रीत शिकवता येते का?

खाडीकाठ, ऐरोली:
मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग असतात: अडचणच दूर करणे, किंवा तिच्यामुळे मनात उठणारी खळबळ आवरणे. गावी काकांना दोन्ही मार्ग मोकळे होते. वाद मिटवायला चार माणसे होती आणि मन शांत करायला पार होता. येथे दोन्ही सुटले, त्यामुळे त्यांची रीत बिघडली असे म्हणण्यापेक्षा ती वापरायला जागा उरली नाही, असे मी म्हणेन. आशियाई समाजांविषयीच्या अभ्यासांत असेही दिसले आहे, की आपले दुःख उघड सांगून मदत मागणे अनेकांना अवघड जाते, कारण त्याचा भार इतरांवर पडेल असे त्यांना वाटते; मात्र काही न सांगता आपल्या माणसांत नुसते बसल्यानेही त्यांचा ताण उतरतो. म्हणून ‘मोकळेपणाने बोला’ हा आग्रह तूर्त सोडावा. मनावरचा ताण शरीराच्या तक्रारीतून व्यक्त होणे आपल्याकडे नवीन नाही, तरीही छातीची तक्रार वाढली किंवा बदलली, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

माथाडीपुत्र, कोपरखैरणे:
मशीद बंदर भागातील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हलले, तेव्हा आमच्या वडिलांसारखे पाटण तालुक्यातील कितीतरी माथाडी कामगार नवी मुंबईत आले. एकाच गावची माणसे आसपास राहिल्यामुळे गावकीची बैठक, गुरुवारचे भजन आणि यात्रेची वर्गणी हे सगळे त्यांच्याबरोबरच आले. याचे फार गोडवे गाऊ नयेत. पाठीवर पोती वाहून आल्यावर दारूचा आधार घेणारेही त्याच बैठकीत असत, आणि लग्न होऊन आलेल्या आमच्या आईला तर कोणतेच मंडळ नव्हते. पहाटेच्या नळावर भेटणाऱ्या शेजारणी एवढाच तिचा विसावा होता, आणि घरोघरी पाणी आल्यावर तोही गेला.

ठाणे पूर्व:
वरील दोन्ही मते पटली, पण सोबत मिळाली की सारे सुरळीत होईल, हे मला पटत नाही. गावी ज्यांच्या शब्दाला मान होता, त्यांना येथे लिफ्टचे बटणसुद्धा नातू दाबून देतो. त्यांच्याकडे खरे काम सोपवा: बाजारहाट, सोसायटीची बाग, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे. समुपदेशकाकडे जाण्याचा संकोच असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरातूनच मराठीत बोलता येते. प्रथम तुम्ही स्वतः फोन करून सल्ला घेतलात, तरी चालेल.

घोडबंदरकर:
आभारी आहे. आमच्याच इमारतीत अहमदपूरकडचे एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांच्याशी गाठ घालून देतो. एक विचारायचे राहिले: येथे आल्यापासून वडिलांची तंबाखू वाढली आहे. तीही यातच मोडते का?

खाडीकाठ, ऐरोली:
मोडते. मात्र आधाराला दुसरे काही येण्यापूर्वी केवळ तंबाखूवरून टोकत राहिलात, तर ते लपून खातील.