मोठ्या शहरात जुने फर्निचर आणि सजावटीच्या वस्तू घेताना : आपले अनुभव लिहा

मोठ्या शहरात माणसे सतत घरे बदलत असतात. कोणाची बदली होते, कोणी मोठ्या घरातून लहान घरात येते, एखादी जुनी इमारत पाडली जाते, आणि अशा प्रत्येक वेळी उत्तम लाकडाचे सामान जुन्या बाजारात, लिलावात किंवा एखाद्या गोदामात येऊन पडते. ते घेणाऱ्यांपैकी अनेक जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. दुकानांची यादी नको. वस्तू कशी पारखली, भाव कसा ठरवला आणि ती घरात कशी आणली, याविषयी सविस्तर लिहावे.

सुरुवात मीच करते. खणांचे कपाट पाहताना मी समोरच्या पॉलिशकडे शेवटी पाहते. आधी दुकानदाराची परवानगी घेऊन एक खण पूर्ण बाहेर काढते आणि उलटा करते. खणाच्या कोपऱ्यातील सांध्यात एकमेकांत अडकलेले पसरट दात असतात. ते हाताने कापलेले असतील तर त्यांची रुंदी थोडी कमीजास्त असते आणि कडेला कारागिराने आखलेली बारीक रेघही बऱ्याचदा दिसते. सगळे दात अगदी सारखे असतील तर काम यंत्राचे. खणाच्या तळाखालून बोटे फिरवली की हातरंध्याने राहिलेले हलके उंचवटे जाणवतात. तिथे करवतीच्या गोलसर रेघा असतील तर लाकूड चक्राकार करवतीवर कापलेले आहे, आणि अशा करवती एकोणिसाव्या शतकात रुळल्या. एका कपाटाचे वरचे खण हातकामाचे आणि खालचे यंत्राचे निघाले. पाठीमागच्या फळ्यांचा रंगही दोन्ही भागांत वेगळा होता. दोन वेगळ्या नगांचे ते एक कपाट केले होते. विक्रेत्याला हे शांतपणे दाखवले, त्याने भाव उतरवला आणि मी ते घेतले. वापरण्यास ते उत्तम आहे, फक्त ते अखंड जुने म्हणून घेतलेले नाही.

*

वरच्या माहितीत एक भर घालतो. माझे वडील सुतारकाम करीत, त्यामुळे दुकानात जाताना खिशात टेप असतेच. गोल टेबल अखंड लाकडाचे आणि खरोखर जुने असेल तर ते आता नेमके गोल राहिलेले नसते. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने मात्र वर्षानुवर्षे आकसते. म्हणून रेषांच्या दिशेने एकदा आणि त्याला काटकोनात एकदा असा व्यास मोजावा. दुसरे माप काही मिलिमीटरने कमी भरले तर विक्रेत्याच्या सांगण्याला आधार मिळतो. प्लायवुडवर विनीअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवलेल्या टेबलाला ही कसोटी लागू पडत नाही, कारण प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात आणि ते फारसे आकसत नाहीत.

स्क्रूही पाहावेत. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू 1930च्या दशकात बाजारात आला. टेबल शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून सांगितले जात असेल आणि त्याला सगळीकडे तसलेच स्क्रू असतील, तर एक तर मोठी दुरुस्ती झालेली आहे किंवा सांगणे खोटे आहे. एखाददुसऱ्या स्क्रूवरून मात्र निवाडा करू नये. जुन्या वस्तूला कोणी ना कोणी हात लावलेलाच असतो.

*

भोके पडलेले लाकूड घ्यावे की नाही, यावर कोणी अनुभव सांगेल का? एक सुंदर आरामखुर्ची पाहून ठेवली आहे, पण पायांना टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे आहेत.

*

छिद्रे असणे म्हणजे कीड जिवंत असणे नव्हे. भुंगेरे बाहेर पडून गेल्यावरही छिद्रे तशीच राहतात. जुन्या छिद्रांच्या कडा आतून काळपट झालेल्या असतात. ताज्या छिद्राची आतली बाजू नव्या लाकडासारखी फिकी असते आणि त्यातून पिठासारखा बारीक भुसा पडतो. विक्रेता तयार असेल तर खुर्चीखाली काळा कागद पसरून ठेवायला सांगा आणि काही दिवसांनी पाहा. कागद स्वच्छ राहिला तर ते चांगले लक्षण आहे, तरी पावसाळी दिवसांनंतर पुन्हा एकदा तपासा. पाय टोकाशी दाबून पाहणेही आवश्यक आहे. अंगठ्याखाली लाकूड दबले तर ती खुर्ची सोडून द्या, कारण वजन पेलणारा भाग आतून पोकळ झालेला आहे. लाकडी चौकटी, लहान पेट्या अशा वस्तूंसाठी संग्रहालयांत वापरला जाणारा उपाय घरीही करता येतो: वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंश सेल्सिअसला दोन आठवडे गोठवायची आणि बाहेर काढल्यावर पूर्ण तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. आरामखुर्ची अर्थातच फ्रीझरमध्ये मावणार नाही. तिच्यासाठी कीडनियंत्रण करणाऱ्यालाच बोलवावे लागेल. गादी असेल तर तिच्या शिवणी उलगडून ढेकूण पाहायला विसरू नका.

*

सगळे जण लाकडाविषयी लिहीत आहेत, पण मोठ्या शहरात खरी परीक्षा जिन्यात होते. आमची इमारत जुनी, लिफ्ट अरुंद, जिन्याला मध्येच काटकोनी वळण. त्यामुळे वस्तू आवडली की मी आधी चार मापे लिहून घेते: तिची उंची, रुंदी, खोली, आणि आडवी आणून उभी करताना लागणारा कर्ण. हा कर्ण बहुतेक जण मोजत नाहीत. 7 फूट उंच आणि 2 फूट खोल कपाट आडवे आत आणले, तर ते उभे करताना छताची उंची सुमारे 7 फूट साडेतीन इंच लागते. छत त्याहून खाली असेल तर कपाट खोलीत येईल, पण उभे राहणार नाही.

एका भल्यामोठ्या कपाटाच्या बाबतीत दुकानदार म्हणाला, "बाई, हे जिन्यातून जाणार नाही, नाद सोडा." मी कपाटाच्या माथ्यावर हात फिरवला, तेव्हा वरची नक्षीदार पट्टी नुसती टेकवलेली असल्याचे जाणवले. ती उचलल्यावर खाली लाकडी पाचरी दिसल्या. जुन्या काळच्या मोठ्या कपाटांत हे बऱ्याचदा आढळते; घर बदलताना ती सुटी करावी लागत, म्हणून कारागीर सांध्यांत खिळे न ठोकता पाचरी ठोकत. प्रत्येक भागाच्या आतल्या कडेवर पटाशीने उभ्या रेघा कोरलेल्या होत्या: एक रेघ असलेली बाजू एक रेघ असलेल्या तळाला, दोन असलेली दोनला. ज्याने त्या कोरल्या त्याचे नाव कुठेच नाही, पण त्याच्या खुणांवरून हमालांनी कपाट पुन्हा बिनचूक उभे केले. दुकानदार स्वतः पाहायला आला होता.

*

पॉलिशविषयी माझे मत थोडे कडक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. जुनी वस्तू घरी आली की तिला लगेच घासून चकचकीत करण्याची जी घाई होते, तिच्यात वस्तूची अर्धी किंमत जाते. आधी वरचा थर कशाचा आहे ते ओळखावे. कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन न दिसणाऱ्या जागी टेकवावे. थर मऊ होऊन चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटला दाद न देता थिनरने मऊ झाला तर लॅकर, आणि दोन्हींना बधला नाही तर बहुधा पॉलियुरेथेन, म्हणजे काम अलीकडचे. लाखेच्या पॉलिशचा गुण असा की नवा हात जुन्या थरात विरघळून मिसळतो, त्यामुळे ते खरवडून काढण्याची गरज क्वचितच पडते.

रंग दिलेले सामान असेल तर अधिक जपावे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांतील शिशावर 1978 साली बंदी आली, म्हणजे तोपर्यंत तिथेही ते सर्रास विकले जात होते. असा रंग कोरडा घासू नये, आणि लहान मुलाच्या पाळण्यासाठी तर मी ते सामान घेतच नाही.

*

वाकवलेल्या लाकडाच्या, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या मी गोळा करते. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध खुर्ची व्हिएन्नाचे फर्निचरकार थोनेट यांची 14 क्रमांकाची, 1859 सालची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा पसारा, आणि सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. तिच्या नकला इतक्या झाल्या की बाजारात "अस्सल थोनेट" हे शब्द मी कानाआड करते आणि बैठकीच्या चौकटीखाली ठसा किंवा कागदी चिठ्ठी आहे का ते पाहते. चिठ्ठी नसली तरी सांधे घट्ट असतील तर नक्कलही पुष्कळ वर्षे टिकते. वेत तुटलेला असेल तर भाव बराच उतरतो, म्हणून खरेदीपूर्वी वेत विणणाऱ्या कारागिराचा दर विचारून ठेवलेला बरा.

*

आरशांविषयी थोडेसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आरशाच्या पाठीला कथील आणि पारा यांचा लेप असे. काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक कृती जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 1835 मध्ये शोधली आणि पुढे तीच रूढ झाली. पारा विषारी असल्यामुळे फार जुन्या, पाठ सुटू लागलेल्या आरशाची चौकट घरी उघडू नये.

दिव्यांचे म्हणाल तर, कापडी वेष्टनाची जुनी वायर कितीही देखणी असली तरी ती आधी बदलून घ्यावी. पितळेच्या स्टँडला लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

*

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांच्या जुन्या टेबलघड्याळांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अशा अनेक तबकड्यांवर रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा अंश असलेला रंग असे. आता ती चमकत नाहीत, म्हणून विक्रेते "त्यातले सगळे उडून गेले" असे सांगतात. निकामी झालेले असते ते चमकणारे झिंक सल्फाइड. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे 1600 वर्षे आहे, तो तिथेच आहे. काच शाबूत असेल तर असे घड्याळ मी घेते आणि झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवते. काच फुटलेली असेल किंवा तबकडीचा रंग सुटून आत पूड पडलेली दिसत असेल, तर ते कितीही स्वस्त मिळो, हात लावत नाही.